इंजिन गार असताना

जुनी डिझेल गाडी घ्यायच्या आधी इंजिन गार आहे की नाही हे हात लावून बघावं, असं मला सांगण्यात आलं होतं. हात किती वेळ ठेवावा हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नीट ठेवला. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस कुठलीही तपासणी अर्धवट करत नाही. तळहाताला फोड आला तो पंधरा दिवस राहिला, आणि त्या पंधरा दिवसांत भेटलेल्या प्रत्येकाने तो बघून मला एकेक नवा मलम सुचवला.

हे मी मराठीत लिहितो आहे त्याला कारण आहे. माझी मुलगी दिव्यश्री मराठीत बोलते, मराठीत रागावते, पण तिला देवनागरी वाचता येत नाही. तंजावरात आमच्या बऱ्याच घरांत हीच स्थिती आहे. त्यामुळे इथे खरं लिहायला मला अडचण नाही.

मागच्या आषाढात माझी बायको मंगला गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आमच्या घरात खाती वाटलेली होती. खरेदी, पंचांग, देवघर, नातेवाईक, माझं पोट आणि तिरुवैयारुजवळची नारळाची बाग ही खाती तिच्याकडे. विजेचं बिल आणि रेडिओ माझ्याकडे. ती गेल्यावर सगळी खाती एकदम माझ्याकडे आली, आणि चार्ज देणारं कुणी समोर नव्हतं.

बाकीचं मी निभावलं. बाग निभेना. एकशे वीस झाडं आहेत. दर दीड महिन्याने नारळ उतरतात आणि ते बाजारात न्यावे लागतात. मंगलाचा एक ठरलेला टेम्पोवाला होता. ती गेल्यावर तो दोनदा आला, तिसऱ्यांदा म्हणाला की अम्मा असत्या तर आलो असतो, आणि यायचा थांबला. मग एक उतारा झाडांखाली पडून राहिला आणि त्यातल्या अर्ध्या नारळांना कोंब फुटले. दिव्यश्रीने बेंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर ते कोंब पाहिले.

"अप्पा," ती म्हणाली, "अम्माच्या आब्दिकापर्यंत नारळ बाजारात न्यायची सोय करा. नाही झाली, तर बाग पट्ट्याने देऊन तुम्ही इकडे या. मी आता भांडणार नाही."

ती भांडणार नाही म्हणाली, तेव्हा मी घाबरलो. तिच्या घरी मी राहिलो आहे. चौदावा मजला आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा चौदावा मजला दिसतो. तिथेही एक म्हातारा खिडकीत बसलेला असायचा. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि दोघेही आत जायचो. आणि मंगलाने स्वतःच्या हाताने लावलेली चाळीस झाडं पट्टेदाराच्या नावाने ओळखली जावीत, हे मला नको होतं. आब्दिकाला, म्हणजे वर्षश्राद्धाला, दोन महिने होते. मी ठरवलं, पिकअप घ्यायची. जुनी.

मी आयुष्यात वांगंसुद्धा निवडून आणलेलं नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, त्यामुळे बातमी फुटल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. खालच्या मजल्यावरच्या कनकलताबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी इंटरनेटवर बसून एकवीस कलमांची इंग्रजी यादी तयार केली आणि छापून आणून दिली. प्रत्येक कलमापुढे गुण द्यायला चौकट होती. एकवीसपैकी बारा मिळाले तर गाडी पास. इंजिनाचं तेल मधाच्या रंगाचं असावं, हे कलम चौथं. त्या यादीची प्रत त्यांनी दिव्यश्रीलाही पाठवली आहे, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

समोरचे वरुणराव मृदंग वाजवतात. तिरुवैयारुला मुलांना शिकवतात. त्यांनी सांगितलं की यंत्र आणि माणूस दोन्ही आवाजावरून कळतात, कागदाची गरज नाही, मी बरोबर येतो. मी त्यांना बोलावलं नव्हतं. वरुणरावांना कुठेही न्यायला बोलवावं लागत नाही. मंगला त्यांना बाजारातून परत येताना लांबून पाहिलं की गल्ली बदलायची.

तिसरा माणूस मात्र कामाचा होता. जुन्या बस स्टँडच्या मागे मणीचं वर्कशॉप आहे. त्याने तीनच गोष्टी सांगितल्या. पहिली, इंजिन गार असताना जा. गरम इंजिन कुणाचंही लगेच सुरू होतं, झीज कळते ती सकाळच्या पहिल्या स्टार्टला. दुसरी, धुराचा रंग बघा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, म्हणजे आतल्या रिंगा झिजल्या. तिसरी, इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण सैल करून भोकावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उड्या मारायला लागलं तर आतला दाब खाली निसटतोय, हात जोडा आणि घरी या.

ओरत्तनाडुच्या पलीकडे सुब्रमण्यम नावाच्या गृहस्थांकडे एक पिकअप विकायला होती. त्यांचे वडील चिदंबरम ती चालवायचे, ते वारले. मी फोन केला, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता येतो म्हणालो, आणि मणीचं वाक्य त्यांना बजावून सांगितलं की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, बरं अय्या, तुम्ही म्हणाल तसं बघतो.

शुक्रवारी वरुणराव आणि मी बसने पोचलो. सुब्रमण्यम चाळिशीचे, साखर कारखान्यात कामाला, बोलायला मऊ. दारात पांढरी पिकअप उभी, इंजिन चालू. चाकांखाली चार लिंबं, पुढच्या काचेला झेंडूची माळ, आणि त्यांची बायको सांब्राणीची धुपाटणी घेऊन गाडीभोवती फिरत होती. शुक्रवार ना. गाडीच्या मागे, पुढे, बॉनेटच्या आत, सगळीकडे धूर. मी यादी काढली. कलम सात, धुराचा रंग. रंग निळसर होता, वासही चांगला होता. आता त्यातला सायलेन्सरचा कुठला आणि देवाचा कुठला, हे कनकलताबाईंच्या यादीत नव्हतं.

आत्ताच सुरू केली असेल, अजून गारच असेल, असं समजून मग मी इंजिनावर हात ठेवला. तो फोड हाच.

आपल्याला बनवलं आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. पण तेवढ्यात त्यांच्या बायकोने केळीची पानं मांडली होती. पोंगल, वडा, वर तूप. ज्याच्या घरचं तूप खाल्लं त्याच्या इंजिनावर लगेच शंका कशी घेणार? मी हात ताकाच्या गार तांब्याला लावून बसलो. वरुणरावांनी पोंगल दोनदा घेतला. इंजिनाबद्दल ते एवढंच म्हणाले की पोट भरल्यावर आवाज नीट ऐकू येत नाही.

निघण्याआधी मी निदान तेल तरी बघावं म्हणून पट्टी ओढून काढली. पुसायला फडकं नव्हतं, म्हणून नेसलेल्या पांढऱ्या वेष्टीच्या टोकाला पुसली. काळं कुळकुळीत. मध कुठेच नाही. माझी खात्री पटली की हे इंजिन मेलेलं आहे आणि धुपाटणी त्याच्यासाठीच फिरत होती.

घरी आल्यावर कनकलताबाईंनी गुण मोजले. अडीच. अर्धा गुण काचेवरच्या माळेचा होता. वेष्टीचा डाग बघून त्यांनी लिंबू, मीठ आणि खोबरेल असा उपाय सांगितला. त्या उपायाने डाग मोठा झाला. ती वेष्टी मंगलाने निवडून आणलेली शेवटची. मी तिची घडी घातली आणि पुरावा म्हणून मणीकडे घेऊन गेलो.

मणीने वेष्टी उजेडात धरली. डागावर बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. रेशनकार्ड तपासणारा अधिकारीसुद्धा एवढं लक्ष देत नाही.

"डिझेलचं तेल काळंच असतं, सार," तो म्हणाला. "भरल्यावर दुसऱ्या दिवशी काळं. मध पेट्रोलच्या गाडीत शोधा. हे बघा, यात धातूची चकचक नाही. पाणीही मिसळलेलं नाही. म्हणजे बेअरिंग शाबूत असणार. वेष्टी बरं बोलतेय. पण गाडी गरम करून ठेवली, हे मात्र वाईट लक्षण. लपवायचं असेल तरच माणूस गरम करून ठेवतो."

माझा भाजलेला हात आणि मणीचं मत दोन्ही एकाच बाजूला होते. मी ठरवलं, न सांगता जायचं, पहाटेच्या बसने, आणि जाऊन चार शब्द सुनवायचे. वरुणरावांनी पंचांग बघून बुधवार काढून दिला. साडेसातला यमगंड ही अशुभ घटका लागते, त्याआधी गाडी सुरू झाली पाहिजे, ही त्यांची अट. मणीही आपल्या मोपेडवरून मागून यायला कबूल झाला.

बुधवारी साडेसहाला आम्ही ओरत्तनाडुला उतरलो आणि सात वाजता सुब्रमण्यमांच्या दारात उभे राहिलो. ते तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. मी तयारी करून आलो होतो. मी म्हणालो की मी साधा माणूस आहे, पण मूर्ख नाही. गार गाडी दाखवा म्हणून फोनवर सांगितलं असताना तुम्ही ती गरम करून ठेवलीत, वर धूर केलात, वर जेवायला घातलंत.

सुब्रमण्यमांनी शांतपणे चूळ भरली. आत गेले आणि भिंतीवरचं रोजच्या पानांचं कॅलेंडर खिळ्यासकट घेऊन आले. मागची फाडलेली पानं त्यांनी चिमट्याला लावून ठेवलेली होती. शुक्रवारचं पान काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं.

"अय्या, अकराची वेळ तुम्ही दिली. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाल. वडिलांची गाडी आहे, विकायला पहिल्यांदा काढली, ती राहुकालात सुरू करू? तुम्हाला वेळ बदला म्हणणं बरं दिसेना. म्हणून साडेदहाच्या आत सुरू केली आणि तुम्ही येईपर्यंत चालू ठेवली. डिझेल माझंच जळलं."

मी वरुणरावांकडे बघितलं. ते माझ्याकडे असं बघत होते, जसं शिकवणीतल्या मुलाने भर सभेत ताल सोडला असावा.

"शुक्रवारी अकरा," ते म्हणाले. "तुम्ही दिली वेळ? मला विचारायचं तरी."

तंजावरात जन्मलेल्या माणसाने शुक्रवारी अकराची वेळ द्यावी, ही लाजेचीच गोष्ट. एवढंच, की पंचांगाचं खातं माझ्याकडे कधी नव्हतं. शुक्रवारी मी बाहेर जायला निघालो की स्वयंपाकघरातून मंगला सांगायची, आता नको, बारानंतर. मी बारानंतर निघायचो. बारा का, हे मी चाळीस वर्षांत विचारलं नाही.

मी सुब्रमण्यमांची माफी मागितली. त्यांनी ती लगेच स्वीकारली, त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं. मग सात वाजून वीस मिनिटांनी, यमगंडाला दहा मिनिटं असताना, त्यांनी गार इंजिनाला चावी दिली.

इंजिन फिरलं, खोकलं, थांबलं. पुन्हा फिरलं. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली, तिने गाडीकडे बघितलं आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे भराभर काढायला लागली. तिच्या घाईवरून काय येणार आहे हे मला कळलं. पाचव्या वेळेला इंजिन पेटलं आणि मागून निळा धूर निघाला. या वेळी धुपाटणी नव्हती.

वरुणराव बॉनेटजवळ डोळे मिटून उभे राहिले. उजवा हात मांडीवर. त्यांची बोटं आवाजाबरोबर चालू लागली, इतकी भरभर की मला दिसेनात.

"चारांत एक घात पोकळ आहे," ते म्हणाले. "तीन नीट पडतात. एक बोट नुसतं कातड्याला लागून परत येतं."

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला झाकणाची तपासणी करायची होती. तेलाचं झाकण फिरवून काढलं, उलटं करून भोकावर ठेवलं. मणीने सांगितलं होतं, थरथरलं तर ठीक. ते थरथरलं नाही. ते उडालं. माझ्या शर्टावर तेलाची पिचकारी मारून बॉनेटच्या कडेला आपटलं, खाली पडलं, कडेवर उभं राहून उतारावरून गडगडत गेलं आणि दारासमोरच्या पाटात पडलं. पाटाला कावेरीचं पाणी नुकतंच सोडलेलं होतं. मी पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. कुठल्या पाटाला किती वेग असतो याचे तक्ते मी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. झाकण गेलं.

मी वेष्टी दुमडून पाटात उतरलो, गुडघाभर गाळात चाचपडलो. एक चप्पल मिळाली, माझी नव्हती. माझी एक गेली. वर बघतो तर वरुणराव तेलाच्या भोकावर तळहात दाबून उभे, कारण तिथून धूर आणि तेल दोन्ही येत होतं आणि सुब्रमण्यम, मी सांगितल्याशिवाय, इंजिन बंद करत नव्हते. माणूस किती सरळ असावा.

शेवटी त्यांच्या बायकोने आतून फोडलेल्या नारळाची अर्धी करवंटी आणून दिली. ती भोकावर अगदी बरोबर बसली. आणि तीही टकटक उड्या मारायला लागली. वरुणरावांनी ती दोन बोटांनी धरली आणि त्या टकटकीवर मान डोलावू लागले. त्याच वेळी मणी मोपेडवरून आला. दृश्य असं होतं: एक म्हातारा इंजिनावर करवंटी वाजवतोय, दुसरा पाटात उभा आहे, हातात बायकी चप्पल. मणीने मोपेड स्टँडला लावली आणि मला काही विचारलं नाही. मेकॅनिक लोकांनी पुष्कळ पाहिलेलं असतं.

त्याने पाना घेतला. जुन्या पद्धतीचा पंप होता. चारही सिलिंडरांना डिझेल नेणाऱ्या चार नळ्या असतात, त्यातली एकेक तो थोडी सैल करी आणि ऐके. पहिली सैल केली, इंजिन लंगडलं. दुसरी, पुन्हा लंगडलं. चौथीलाही तेच. तिसरी सैल केली तर फरक जवळजवळ काहीच नाही. म्हणजे तिसरा आधीच काम सोडून बसलेला.

"तिसरा गेलाय," मणी म्हणाला.

"मी तेच सांगितलं," वरुणराव म्हणाले. त्यांनी तिसरा असं सांगितलं नव्हतं, चारांत एक सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून ते तिसराच सांगतात.

मला बसायला दगड मिळाला. हात जोडा आणि घरी या, असा मणीचा नियम होता. दोन महिन्यांतले तीन आठवडे गेले होते. दुसरी गाडी बघायची म्हणजे पुन्हा यादी, पुन्हा पोंगल. मला तो चौदावा मजला दिसू लागला. मणी मात्र गेला नाही. तो केबिनमध्ये शिरला आणि ड्रायव्हरचं दार उघडून त्याच्या आतल्या बाजूला काहीतरी वाचत बसला. मग त्याने मला बोलावलं.

दाराच्या आतल्या पत्र्यावर तेलरंगाने बारीक अक्षरात तमिळमध्ये तारखा लिहिलेल्या होत्या. तारीख, किलोमीटर, तेल बदललं. तारीख, किलोमीटर, तेल बदललं, फिल्टर बदलला. वरपासून खालपर्यंत दोन रांगा, अकरा वर्षं, एक पाळी चुकलेली नाही. मी रेकॉर्ड विभागातला माणूस. एवढं स्वच्छ रजिस्टर मी आमच्या ऑफिसातसुद्धा पाहिलेलं नाही. शेवटची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. त्याखाली रिकामा पत्रा.

सुब्रमण्यम मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, अप्पा लिहायचे. ते गेल्यावर मी चालवली, कधी नुसती उभी ठेवली. तेल बघायचं असतं हे मला माहीत होतं. पण ते त्यांचं काम होतं.

मणी पत्र्यावर बोट ठेवून म्हणाला, "हिचं हाड चांगलं आहे, सार. ही झीज सगळी माणूस गेल्यानंतरची आहे. रिंगा बदलू, व्हॉल्व्ह बसवून घेऊ, तेल वेळच्या वेळी घाला. चालेल."

त्याचं लक्ष गाडीकडेच होतं. मी मात्र चष्मा काढून पुसला. त्यावर तेल उडालेलं होतं, तेव्हा पुसायला कारण होतं.

मी म्हणालो, घेतो. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचं सुब्रमण्यमांनी आपणहून कबूल केलं. करवंटी सुतळीने बांधून, मोपेड मागे चढवून मणीने गाडी हळूहळू वर्कशॉपला नेली. वरुणराव पुढे दोन जागा अडवून बसले. मला एक पाय अनवाणी बसने यावं लागलं.

इंजिन उघडायला मणीला तीन आठवडे लागले. तेवढ्यात नाव बदलायचं काम होईल, असं मला वाटलं, कारण कागद हा माझा प्रांत. गाडी अजून चिदंबरम यांच्याच नावावर होती. आधी ती वारस म्हणून सुब्रमण्यमांच्या नावावर, मग माझ्या. मी लाल फितीची फाइल बांधली, क्रमांक घातले, विषयसूची लावली. परिवहन कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी पाच पानं उलटली आणि म्हणाल्या, नाव जुळत नाही. गाडीचा मालक पुरुष आहे. तुम्ही लावलेला मृत्यूचा दाखला बाईचा आहे.

मंगलाच्या दाखल्याच्या मी बारा प्रती करून ठेवल्या होत्या. बँक, गॅस, रेशनकार्ड, पेन्शन. वर्षभर कुठल्याही खिडकीवर गेलो की तोच कागद द्यायचा, एवढंच हाताला माहीत झालेलं. चिदंबरम यांचा दाखला सुब्रमण्यमांच्या पिशवीत तसाच होता. मी म्हणालो, चुकून लागला, तो माझ्या बायकोचा. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो कागद दोन्ही हातांनी परत दिला. मग फोटोवरची सही फोटोबाहेर गेली आहे म्हणून बाकीची फाइलही परत दिली. ती त्यांनी एकाच हाताने दिली.

त्यानंतर चार खेपा झाल्या, तेव्हा गाडी माझ्या नावावर आली. एकदा इंजिनाचा नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून आणायला सांगितलं. मी पळत वर्कशॉपला गेलो तर इंजिन सुटं होऊन चार पत्र्याच्या डब्यांत ठेवलेलं. नंबर कुठल्या डब्यात आहे हे शोधायला अर्धा दिवस गेला. कनकलताबाई दर खेपेला विचारायच्या, आता किती गुण? मी सांगायचो, डब्यात आहेत.

आब्दिकाच्या चार दिवस आधी गाडी तयार झाली. मणीने दाराच्या पत्र्यावर, रिकाम्या जागेत, मला तारीख घालायला लावली. माझं तमिळ अक्षर चिदंबरम यांच्याइतकं चांगलं नाही. मी जुना लायसन्सवाला, खात्याची जीप चालवलेला, तिरुवैयारुपर्यंत जाऊन आलो. लेव्हल क्रॉसिंगला दोनदा बंद पडली, ती माझ्या पायामुळे, असं मणीचं म्हणणं आहे.

दिव्यश्री आली. गुरुवारी आब्दिक झालं. मी डाग नसलेली वेष्टी नेसलो. ब्राह्मण जेवले, कावळा लवकर आला. शुक्रवारी ती म्हणाली, दाखवा तुमची सोय, अकरा वाजता बागेत जाऊ. बागेत उताऱ्याचे नारळ रचून ठेवलेले होते. ते आज बाजारात गेले पाहिजेत, नाहीतर पट्ट्याचे कागद तिच्या बॅगेत होते. मी ते पाहिले होते. आमच्या घरात फाइल माझ्यापासून लपत नाही.

अकरा वाजता आम्ही खाली उतरलो तेव्हा गाडी चालूच होती. कनकलताबाई त्यांच्या दारात, वरुणराव त्यांच्या दारात. दिव्यश्रीने पर्समधून एक छापील कागद काढला. एकवीस कलमं. मग ती गाडीजवळ गेली आणि बॉनेटवर हात ठेवला. नुसता टेकवला आणि उचलला. ती शहाणी आहे, आईवर गेली आहे.

"अप्पा, हे गरम आहे," ती म्हणाली. "बऱ्याच आधी सुरू करून ठेवली होती ना?"

मी म्हणालो, "साडेदहाला राहुकाल लागतो. म्हणून वीस मिनिटं आधी सुरू केली."

हे खरं होतं. गार गाडी तिच्यासमोर पाच वेळा खोकली असती तर, अशी भीतीही होती, पण ती दुसऱ्या क्रमांकावर. आणि ते म्हणताना मला सुब्रमण्यमांचा ब्रश धरलेला चेहरा आठवला.

दिव्यश्री माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला राहुकाल केव्हापासून कळायला लागला?"

मी म्हणालो, "आत्ता आत्ता."

तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. आमच्याकडे वाचण्याचं काम दोन्ही बाजूंनी अवघड आहे. ती डावीकडून चढली आणि खिडकीशी न बसता सरकून मधल्या जागेवर, गिअरच्या दांड्याजवळ अवघडून बसली. खिडकीची जागा तिने मोकळी सोडली. बसमध्ये मंगलाला खिडकीच लागायची, नाहीतर मळमळायचं. मी चावीकडे बघत बसलो. इंजिन चालू होतं, चावीला काही करायचं नव्हतं.

"चला अप्पा," ती म्हणाली. "मला सोमवारी परत जायचंय. पुढच्या उताऱ्याची तारीख कळवा, तेव्हा येते."

मी गिअर टाकला. तेवढ्यात डावं दार उघडलं आणि वरुणराव मृदंगासकट चढले. तिरुवैयारुलाच शिकवणी आहे म्हणाले, जरा सरका म्हणाले, आणि खिडकीत ऐसपैस बसून इंजिनाच्या आवाजावर बोटं चालवायला लागले. चारही घात भरीव आहेत, हे त्यांनी पहिल्या वळणापर्यंत तीनदा सांगितलं.

मंगला असती तर तिने त्यांना मागे नारळांच्या जागेत बसवलं असतं.